पेंडीच्या खोलीतला हंगाम

सकाळी दादाचा मेसेज आला. "धुराडं पेटलं." खाली एक फोटो. आमच्या स्लॅबवरून काढलेला, उसाच्या तुऱ्यांच्या पलीकडं कारखान्याची चिमणी आणि तिच्या तोंडातून निघालेली काळसर रेघ.

इथं चेन्नईत हंगाम म्हणून काही नसतो. बाहेर घाम आणि आत थंडी, बारा महिने तेच. मी काम करतो त्या सर्व्हरच्या हॉलमध्ये स्वेटर घालून उभं राहावं लागतं आणि जेवायला बाहेर आलं की तोच स्वेटर कमरेला बांधावा लागतो. पण फोटो बघितला आणि नाकात मळीचा आंबूस वास आला. खोटं नाही सांगत, आला. इथल्या भाषेत बोलणाऱ्या दोन पोरांच्या मध्ये उभा होतो मी, हातात बदलायची हार्ड डिस्क, आणि कुठूनतरी चोथ्याचा, उसाच्या ओल्या शेंड्यांचा म्हणजे वाड्याचा, ट्रॅक्टरच्या डिझेलचा वास. घराची आठवण आली की लोकांना गोड वाटतं म्हणतात. मला आधी भीती वाटते.

राधानगरी रोडला आमचं गाव. हंगाम सुरू झाला की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी पडते, बारीक, हात लावला की पसरणारी. बायका कापड झटकतात, पुसत नाहीत. रस्त्यानं उसाचे ट्रेलर जातात, मोठ्यानं गाणी लावून, आणि मागून पोरं धावत ऊस ओढून घेतात. शेतात तोड पडली की वाड्याचे हिरवे ढीग लागतात आणि जनावरांची चैन होते. कार्तिक ते फाल्गुन आमच्याकडच्या म्हशी अंगानं चकाकतात. दूध संस्थेत किटल्या काठोकाठ येतात. सगळ्यांच्या घरी दूध वाढतं तो हा काळ.

सात वर्षांपूर्वीच्या हंगामात आमच्या घरी ते आटलं.

नववीत शाळा सुटली माझी. सुटली म्हणजे मी सोडली. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, कमरेचं दुखणं निघालं, दादा हंगामात ट्रॅक्टरवर, वैरणीला माणूस नव्हतं. ही कारणं खरी आहेत. गणिताच्या तासाला मला काही उमगायचं नाही हेही खरं आहे. अजून कुठल्या फॉर्मवर "शिक्षण" असं लिहिलेला रकाना आला की तो सगळ्यात शेवटी भरतो, आणि भरून झाला तरी मागं वळून दोनदा बघतो, कुणी वाचतंय का.

शाळा सुटल्यावर गावच्या दूध संस्थेत सकाळच्या पाळीला बसायला लागलो. म्हातारी माणसं किटली पुढं करायची, मी नमुना मशीनला लावायचा, फॅट यायची, चिठ्ठी निघायची. तो संगणक बिघडला की कोल्हापुरातून एक मेकॅनिक यायचा. त्याच्या शेजारी बसून बसून मला एक गोष्ट कळली, की असे हजारो संगणक कुठंतरी एका थंड खोलीत ओळीनं ठेवलेले असतात आणि ते चालू ठेवायला माणसं लागतात. त्यासाठी एक परीक्षा असते. तिला दहावीचं मार्कशीट लागत नाही. हे ऐकल्यावर मी त्याला तीनदा विचारलं होतं. तो शेवटी वैतागला. म्हणाला, लेका, लागत न्हाय म्हणतोय की.

पण सराव कशावर करायचा? थंड खोली कुठनं आणायची? त्यावर त्यानंच उपाय सांगितला. एखाद्या ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन घे, मेमरी वाढव, आणि त्याच्या पोटात पाच खोटी मशीनं तयार कर. एक सर्व्हर, एक राउटर, बाकीची साधी. ती एकमेकांना खरीच मशीनं समजतात. मोडलं तर मोडलं, पुन्हा आधीच्या जागेवर नेता येतं. घरच्या घरी लॅब.

गोठ्याला लागून पेंडीची खोली होती. सरकी पेंडीची पोती एका भिंतीला सारली आणि दुसऱ्या भिंतीला फळी ठोकली. तिच्यावर आधी संगणकाचा एक डबा आला, मग आणखी दोन, असेच भंगारातून वाचवलेले. तिथं जायला वाट गोठ्यातूनच. मशीनं चालू केली की पंख्यांचा आवाज आणि शेजारी म्हशीचं रवंथ, दोन्ही एका लयीत यायचं. खोट्या मशीनांना नावं द्यायची होती. मी आमच्याकडं होऊन गेलेल्या म्हशींची दिली. मुख्य सर्व्हरला त्या वेळच्या दुभत्या म्हशीचं, शेवंतीचं, कारण बाकीच्यांचं पोट तिच्यावर.

आबा एकदा काठी टेकत बघायला आले. मी पडद्यावर पाची नावं दाखवली. त्यांनी फळीखाली वाकून बघितलं, डब्याच्या मागं बघितलं आणि म्हणाले, "पाच म्हशी आणि शेन कुठं दिसंना. बेस हाय." आणि गेले. त्यांच्या परवानगीची तऱ्हा तीच.

त्याच कार्तिकात वहिनी घरात आली. तुळशीचं लग्न झालं आणि चौथ्या दिवशी दादाचं. ती इचलकरंजीची, यंत्रमागवाल्यांच्या घरातली, बारावी झालेली. म्हस जवळून बघितलेली नव्हती तिनं. पहिल्या दिवशी शेवंतीनं फुरकन श्वास सोडला तर ही अंगणात. आई हसून हसून बसली खाली. पण पंधरा दिवसांत तिनं धार काढायला शिकून घेतलं. संध्याकाळची धार तिच्याकडं, सकाळची आईकडं, अशी वाटणी झाली.

धार झाली की ती पेंडीच्या खोलीत यायची आणि पोत्यावर बसायची. मला इंग्रजी वाचता यायचं, पण शब्दाला शब्द लावून, आंधळ्यानं भिंत चाचपत जावं तसं. ती फोनवर प्रश्न वाचायची, त्याचा अर्थ फोडून सांगायची, मी मशीनवर करून दाखवायचो. तिला त्यातलं कळायचं किती कुणास ठाऊक, पण चूक कळायची. "भाऊजी, मगाशी तुम्ही उलटं म्हटलंसा," म्हणायची. एकदा मी विचारलं, या पंख्यांच्या आवाजाचा त्रास होत नाही का. तर म्हणाली, माझ्या माहेरी सोळा माग एका वेळी चालतात; आवाजानं नाही, एखादा थांबला की जाग येते. घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कामाला खेळणं म्हणत नव्हतं. दादा म्हणायचा, लाडानंच, पण म्हणायचा. वहिनी "अभ्यास" म्हणायची. सासरी आलेल्या पोरीनं नववीत पळालेल्या दिराच्या उद्योगाला अभ्यास म्हणणं, याचं मोल मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ जड होते.

त्या डब्यांना हात लावला की मुंग्या यायच्या. झटका नव्हे, मुंग्या. आमच्या घरातल्या तीन पिनांच्या बोर्डात तिसरं भोक नुसतं शोभेला होतं, त्याच्यामागं तारच नव्हती. कुठंतरी वाचलं की मशीनचा पत्रा जमिनीला जोडायचा असतो. जमिनीत गेलेला लोखंडी नळ असला तरी चालतो. पेंडीच्या खोलीच्या भिंतीतून एक नळ गोठ्यात जात होता, म्हशीच्या पाण्याच्या सिमेंटच्या हौदात. दुसऱ्या बाजूनं तो भिंतीबाहेर, विहिरीकडं. आजोबांच्या वेळचा, जाड, गंजलेला. याच्याइतका जमिनीत गेलेला दुसरा कोण असणार? मी तिन्ही डब्यांना हिरवी तार जोडली, नळ खरवडून चकचकीत केला आणि तार त्याला आवळून बांधली. मुंग्या कमी झाल्या. तार आवळताना दुसरं टोक वहिनीनं धरलं होतं.

आठवड्याभरात शेवंती पाणी पिईना.

सकाळी प्यायची. संध्याकाळी हौदात तोंड घातलं की मान झटकायची, नाकपुड्या फुगवायची, मागं सरायची. पुन्हा यायची, तहानलेली असायची बिचारी, ओठ पाण्याला लावायची आणि पुन्हा तसंच. मग ती हौदाकडं बघत नुसती उभी राहायची. पान्हा चोरायला लागली. वाड्याचे ढीग पुढ्यात आणि दूध रोज थोडं कमी. डॉक्टर येऊन गेला, तोंड उघडून दात बघितले, इंजेक्शन दिलं. आईनं मीठमिरची ओवाळून चुलीत टाकली. मी त्या वेळी पलीकडं बसून पडद्यावरच्या शेवंतीला हाक मारत होतो, आणि ती दर खेपेला न चुकता ओ देत होती.

सकाळी आई असायची तेव्हा म्हस शहाणी. संध्याकाळी वहिनी गेली की बिथरलेली. हे सगळ्यांनाच दिसत होतं, आणि दिसेल तेवढं खरंच होतं. मी सकाळी दूध संस्थेत असायचो. माझी मशीनं फक्त संध्याकाळी चालू असायची. हे कुणालाच दिसलं नाही. मलाही नाही.

आई दुष्ट बाई नाही. तिनं आधी म्हशीला दोष दिला, मग वैरणीला, मग शेजारणीच्या नजरेला. वहिनीवर ती सगळ्यात शेवटी आली, आणि तेही आवाज खाली आणून. एका मंगळवारी चुलीपुढं बसून म्हणाली, "तुझा काय दोष न्हाय बाई. एकेकाचा हात न्हाय लागत जनावराला. तू सैपाकाचं बघ, गोठ्यात येऊ नगंस." वहिनी बरं म्हणाली. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली आणि तिच्यावर पाणी फिरवायला विसरली.

गोठ्यात यायचं नाही म्हणजे पेंडीच्या खोलीतही यायचं नाही. वाट तीच. तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, फोन हातात धरून, आणि अंगणापलीकडून मोठ्यानं प्रश्न वाचायला लागली. मी आतून ओरडून उत्तर द्यायचं. मधे अंगण, रेडी, कोंबड्या. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एक म्हातारा म्हणाला, पावणं, भांडान हाय का पाढं म्हनताय? ती हसली आणि पुढचा प्रश्न वाचला.

त्याच्या पुढच्या दिवशी आई एकटीच शेवंतीला पाण्यावर घेऊन आली. म्हशीनं मान झटकली. आई म्हणाली, अजून तिचा वास हाय गोठ्यात, जाईल दोन दिसांत. मी बाहेर आलो होतो, अनवाणी. हौदात पाचोळा पडलेला दिसला म्हणून हात घातला.

मुंग्या आल्या. ओळखीच्या.

खालच्या ओल्या शेणात पाय आणि वर पाण्यात हात, तसाच थोडा वेळ उभा राहिलो. मग नळाच्या कडेकडेनं भिंतीबाहेर गेलो. भिंतीच्या पलीकडं वीतभर लोखंड होतं आणि त्याला काळा प्लास्टिकचा पाइप जोडलेला. आबांनी कधीतरी गळतो म्हणून जमिनीतला सगळा नळ बदलून घेतला होता. माझी तार जमिनीत गेलीच नव्हती. ती हौदापाशी संपत होती. तीन भंगार डब्यांमधून झिरपणारं सगळं मी रोज संध्याकाळी म्हशीच्या ओठांना नेऊन लावत होतो. माणसाला त्याच्या मुंग्या येतात. जनावराला किती लागत असेल, हे मला आजही सांगता येणार नाही.

मशीनं बंद केली. पकड घेतली. तार कापली, गुंडाळली आणि पेंडीच्या पोत्यामागं सारली.

त्याच वेळी अंगण ओलांडून चार वाक्यं बोललो असतो तर गोष्ट तिथंच मिटली असती. परीक्षेला तीन आठवडे होते. आबा डबे उचलून उकिरड्यावर टाकतील, ही पहिली भीती. हेही मला नीट करता आलं नाही, असं सगळे म्हणतील, ही दुसरी, आणि तीच मोठी होती. उद्या सांगू असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवंती अर्धा हौद प्याली. घळाघळा, मान न उचलता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "बघितलंस? तीन दिस हात न्हाय लागला तिचा."

मी मान हलवली. नुसती. ती व्हय म्हणून होती का न्हाय म्हणून, हे मी आईला ठरवू दिलं.

चार दिवसांत दूध वाढलं. म्हणजे सिद्धच झालं. माझ्या गप्प बसण्यानं जी शंका होती तिचा पुरावा झाला. पुढचे तीन आठवडे मी लाकडी पाटावर पाय ठेवून मशीनं चालवली आणि वहिनी दारातून प्रश्न वाचत राहिली. परीक्षा पास झालो. निघायच्या दिवशी तिनं दही दिलं हातावर. आईनं तिला सांगितलं, गोठ्याच्या बाजूनं नको, पुढच्या दारानं औक्षण कर. तसंच केलं तिनं.

नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात आम्हाला इमारतीच्या मागं नेऊन जमिनीतला खड्डा दाखवला. त्यात तांब्याची पट्टी उतरवलेली, वर झाकण, झाकणावर क्रमांक. एक वयस्क इंजिनियर मीटर लावून समजावत होता, जमीन खरंच लागलीय का हे डोळ्यांनी समजत नाही, मोजावं लागतं. बाकीची पोरं लिहून घेत होती. मला दरदरून घाम फुटला. त्याला वाटलं ऊन लागलं. सावलीत बसवून पाणी दिलं त्यानं. तो ग्लास तोंडाला लावताना माझी मान मागं गेली.

अजूनही जाते कधीकधी. रॅकला हात लावायच्या आधी मी बोटांची मागची बाजू टेकवून बघतो. इथले लोक त्याला काळजी म्हणतात. नीट काम करतो म्हणून वरिष्ठांनी दोनदा कौतुक केलं. दर दिवाळीला वहिनीला साडी पाठवतो, दादा बायकोला घेणार नाही इतकी चांगली. ती फोनवर म्हणते, भाऊजी, एवढी कशाला. मी म्हणतो, तुमच्यामुळं झालं सगळं. ते खरं आहे. एवढंच खरं नाही, हे ओठांपर्यंत येतं आणि परत जातं.

तुम्ही म्हणाल, एका म्हशीचं एवढं काय. शेवंती म्हातारी होऊन गेलीसुद्धा. मीही हेच म्हणायचो. वहिनीनं घर उचलून धरलंय, आबांचं शेवटचं आजारपण काढलंय, तिला कोण काय बोलतंय आता? कुणीच बोलत नाही. ती गोठ्यात जात नाही, इतकंच.

फोटो आला त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल लावला. दादानं अंगणात फोन फिरवून दाखवला. ताज्या वाड्याचा ढीग, नवीन घेतलेली म्हस, आणि त्याची सहा वर्षांची पोरगी. ती मूठभर वाडं घेऊन म्हशीकडं धावली. मागून वहिनी आली, तिचा हात धरला, मूठ उघडून वाडं खाली टाकायला लावलं. रागानं नाही. गरम भांड्यापासून लेकराला दूर करावं तसं.

"नगं गं," ती म्हणाली. "आपला हात न्हाय लागत त्यास्नी."

आपला. आई तसं म्हणाली नव्हती कधी. ते वहिनीनं स्वतः मानलं होतं, आणि आता पोरीच्या हातात देत होती.

फोन ठेवला. उरलेल्या सुट्टीत त्याच झाकणाच्या खड्ड्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि आईला लावला. सगळं सांगितलं. नळ, तार, काळा पाइप, हौदात घातलेला हात.

ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "ती म्हस प्याली तवा मी तुला बघितलंस का म्हटलं हुतं."

"व्हय."

"आणि तू मान हलवलीस."

"व्हय."

"मग मला कशाला सांगतोस? तिला सांग." आणि तिनं हाक मारली. फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. पदराला हात पुसल्याचा आला.

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं, कारण वहिनी मधे मधे हूं म्हणत होती, जसं प्रश्न वाचून झाल्यावर माझं उत्तर ऐकताना म्हणायची. संपल्यावर तिनं एकच विचारलं. परीक्षेला किती दिवस राहिले होते तेव्हा? तीन आठवडे, मी म्हणालो.

मागं कुठंतरी पोरगी आबांच्या फोटोपुढची घंटा वाजवत होती.

"मला एकटीला तरी सांगायचं हुतंसा भाऊजी," ती म्हणाली. "मी कुठं कुणाला बोलले असते. परीक्षा होईस्तोवर आपण दोघं गप बसलो असतो की."

मी माफी मागितली. ती म्हणाली, जेवला का. मी व्हय म्हणालो, ते खोटं होतं. एवढ्यावर फोन संपला.

त्याला आता अकरा दिवस झाले. पोरगी गोठ्यात जाते म्हणे, म्हशीच्या पाठीवर चढायला बघते, तिला कुणी ओढत नाही. दादानं हे सांगितलं, मी विचारलं नव्हतं. आई रोज संध्याकाळी चरवी घेऊन दारात थांबते आणि वहिनीला म्हणते, ये गं, धारंला बस. वहिनी चुलीपुढून न उठता सांगते, भाकरी थापायला घेतल्यात. आई आणखी थोडा वेळ थांबते. मग गुडघ्यावर हात ठेवून स्वतःच म्हशीखाली बसते.